पानोरिया लिराकू यांचे रडणे बंद झाल्याची नोंद पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
औषध दुष्परिणाम नोंद कक्ष,
अथेन्स.

अर्जदार : श्रीमती मेरोपी पिएरोस लिराकू, मु. स्कालोनी, मानी.

विषय : मनाच्या आजारावरील नव्या गोळीने माझ्या सासूबाईंचे रडणे बंद झाले, ही तक्रार आपल्या कक्षाने "सुधारणा" म्हणून निकाली काढली, त्याचा फेरविचार व्हावा म्हणून.

संदर्भ : १) माझा चार वर्षांपूर्वीचा तक्रार अर्ज. २) त्यावर आपल्या कक्षाचे आलेले उत्तर.

महोदय,

१. संदर्भ क्रमांक दोनच्या उत्तरात आपण असे कळविले होते की, "सदर रुग्णाच्या रडण्यात झालेली घट ही औषधाच्या अपेक्षित परिणामांत मोडते, सबब ही दुष्परिणामाची नोंद होऊ शकत नाही व प्रकरण बंद करण्यात येत आहे." उत्तर वेळेवर आले होते आणि त्याची भाषा सभ्य होती, याबद्दल तक्रार नाही. त्या वेळी मी पुढे काही लिहिले नाही, कारण तेव्हा माझ्या सासूबाईंचे भाऊ लिगोरी जिवंत होते. त्यानंतर जे घडले ते आपल्यासमोर ठेवणे मला भाग आहे.

२. गोळीचे नाव मी अर्जात लिहीत नाही, सोबत रिकामे वेष्टन जोडले आहे. आमच्या घरात तिला "पिवळी" म्हणतात. ही गोळी गुणकारी आहे, हे मी सर्वांत आधी लिहून ठेवते. पुढचे सर्व वाचताना आपण ते विसरू नये अशी विनंती आहे. गावातल्या कॉफीच्या दुकानात बसणारे लोक म्हणतात की हे विष आहे, बंद करायला पाहिजे. त्यांच्यापैकी कोणीही माझ्या सासूबाईंना गोळी सुरू होण्यापूर्वीच्या हिवाळ्यात पाहिलेले नाही. मी पाहिले आहे.

३. माझ्या सासूबाई श्रीमती पानोरिया लिराकू यांचे वय आज एकाहत्तर आहे. आमच्याकडे माणूस गेले की बायका शवपेटीभोवती बसतात आणि एक जण उशाशी बसून त्याचे आयुष्य गाऊन सांगते. ते गाणे आधी रचलेले नसते. बसल्या जागी, रडता रडता, ओळीमागून ओळ निघते. त्यात मेलेल्याचे गुण येतात, भांडणे येतात, त्याने कोणाची जमीन दाबली तेही येते, आणि ज्याची दाबली तोसुद्धा मान खाली घालून रडतो. स्कालोनीत आणि आसपासच्या वाड्यांत हे काम सासूबाईंचे होते. त्यांच्या आईचेही तेच होते. त्यांना बोलावावे लागत नसे; चर्चची घंटा ऐकली की त्या काळा रुमाल बांधून निघत. मी व्होलोसकडची, लग्न होऊन इथे आले. पहिल्यांदा त्यांना ऐकले तेव्हा ज्याच्यासाठी त्या गात होत्या त्या म्हाताऱ्याला मी ओळखतही नव्हते, तरी घरी आल्यावर मला जेवण गेले नाही.

४. त्या हिवाळ्यात कोणी मेलेले नव्हते, हे मुद्दाम नमूद करते, कारण डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच विचारले होते. कारण काहीच नव्हते. त्या हळूहळू बसत गेल्या. आधी शेळीची धार काढणे सोडले, मग केस विंचरणे, मग जेवण. विचारले की म्हणत, "काही नाही गं, उठायचं कशाला तेवढं सांग." माझे पती पिएरोस जहाजावर नोकरीला असतात, घरात आम्ही दोघीच. मी तेलघाण्यावर कामाला जाई ते दिवसभर जीव मुठीत धरून. एक दिवस दुपारी परत आले तर त्या अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या टाक्याच्या कठड्यावर बसलेल्या. झाकण बाजूला केलेले. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. मी हात धरून आत आणले, त्या मुकाट्याने आल्या. 

५. आरोग्य केंद्रातल्या डॉ. इस्मिनी व्रेत्तू यांनी आधी जुन्या प्रकारची औषधे दिली. एकाने त्यांचे हात इतके कापू लागले की सूप चमच्यात राहीना. दुसऱ्याने त्या दिवसरात्र झोपल्या. मग डॉक्टरांनी ही नवी गोळी सुरू केली आणि मला बाजूला घेऊन बजावले, "सुरुवातीला नीट लक्ष ठेवा. अंगात बळ आधी येतं, मन मागून येतं. मधले दिवस नाजूक असतात." मी तेलघाण्यावरून रजा घेतली आणि टाक्याच्या झाकणाला कुलूप लावले. पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात पीठ मळल्याचा आवाज. सासूबाई पालेभाजी भरलेली रोटी करत होत्या आणि खिडकीतून शेजारणीला सांगत होत्या की तुझी कोंबडी परत माझ्या वाफ्यात आली तर मी तिचं सूप करीन. मी दाराआड उभी राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकले. महोदय, त्या सकाळबद्दल मी आपल्या खात्याची, त्या गोळीच्या कारखान्याची आणि डॉक्टरांची ऋणी आहे. हे औपचारिक वाक्य नाही.

६. त्यानंतर गावात पहिले माणूस गेले ते म्हणजे जुने शाळामास्तर. सासूबाई रुमाल बांधून गेल्या, उशाशी बसल्या, सुरुवात केली. शब्द बरोबर होते. चाल बरोबर होती. पण गाडीच्या वेळा वाचून दाखवाव्यात तसे ते निघाले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. थोड्या वेळाने कालिरोई नावाच्या शेजारणीने, कोंबडीवाली ती हीच, हलकेच पुढची ओळ उचलली आणि पार पाडले. परत येताना सासूबाई मला म्हणाल्या, "मला त्याचं काही वाटलंच नाही गं. मेला. बरं, मेला." त्यांना त्याचे दुःखही नव्हते, नवल होते, आपल्या खिशात हात घालावा आणि खिसाच नसावा, तसे.

७. संदर्भ क्रमांक एकचा अर्ज मी त्यानंतर केला. डॉक्टरांनी मात्रा कमी करून पाहू असे सुचविले होते, पण सासूबाईंनीच नको म्हटले. "पुन्हा त्या टाक्याशी नाही जायचं मला. रडायला काय, कालिरोई आहे." आपले उत्तर आले. मी ते त्यांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं. न रडणं म्हणजे सुधारणाच की." इथपर्यंत कोणाचेच काही अडले नव्हते.

८. लिगोरी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. लिगोरींच्या बाळंतपणातच दोघांची आई गेली, तेव्हा सासूबाईंनीच त्यांना वाढवले, शेळीचे दूध बोळ्याने पाजून. त्यांनी लग्न केले नाही. ओढ्यापलीकडच्या दगडी बुरुजात एकटे राहत. रोज संध्याकाळी येत, दारातच उभे राहून "ताई, काय शिजवलंस?" म्हणत, आणि काहीही शिजवले असले तरी नाक मुरडून सगळे संपवत. कॉफीच्या दुकानात चारचौघांत सांगत, "मला मरणाची भीती नाही, ताई उशाशी बसून काय काय बाहेर काढेल त्याची आहे." सासूबाई म्हणत, "एकही सोडणार नाही. आधी मर तर खरा." दोघे हसत. त्या हसत तेव्हा खऱ्याच हसत, गोळी घेऊनही. हेही नमूद करते, म्हणजे आपल्या तज्ज्ञांना चित्र पूर्ण मिळेल.

९. ऑलिव्हच्या हंगामात, झाडाखाली जाळी अंथरताना, ते खाली बसले आणि उठले नाहीत. हृदय.

१०. महोदय, ज्याची सख्खी बहीण जिवंत आहे त्याच्या उशाशी तीच बसते. तिने पहिला शब्द उच्चारल्याशिवाय दुसरी कोणी तोंड उघडत नाही. ही आमची रीत. सासूबाई बसल्या. खोली भरलेली होती, दारापर्यंत बायका, बाहेर पुरुष टोप्या काढून. सगळे थांबले. सासूबाईंनी भावाचा शर्ट नीट केला, कॉलर सारखी केली. तोंड उघडले, मिटले. मेणबत्त्या जळत राहिल्या. शेवटी साध्या आवाजात, जणू दुकानात मीठ संपलेय असे गिऱ्हाइकाला सांगावे तसे, त्या म्हणाल्या, "लिगोरी, माझ्याकडे काही नाही रे." कालिरोईने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवून नाही म्हटले, कारण माझ्या हातात ते नव्हते. पाद्री आले, पेटी उचलली गेली. लिगोरी मुक्याने गेले. गावात जुनी माणसे आहेत, त्यांनी असे पुरणे पाहिलेले नव्हते. बुडालेल्यांसाठी रिकाम्या पेटीशीसुद्धा आमच्याकडे गातात.

११. लिगोरींना पुरल्यानंतर आठवडाभराने एकदा संध्याकाळी सासूबाई घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. मी दार लावायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे, तो उभा आहे." मी विचारले, कोण. "लिगोरी. येतो रोज. बोलत नाही. वाट बघतो." मी दाराकडे पाहिले. दारात अंधार होता, दुसरे काही नव्हते. मी विचारले, आई, भीती नाही वाटत? त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली आणि म्हणाल्या, "नाही. तेच तर. भीती नाही, आनंद नाही. तो उभा असतो आणि मी शेंगा निवडते." हे सांगताना त्यांचा आवाज जसा होता त्याला आपल्या नमुन्यात रकाना नाही. तो हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या बाईसारखा होता. पाऊस नाही, वारा मध्यम. मी रडले, त्यांनी मला रुमाल दिला. त्या दिवसापासून मी संध्याकाळी ते दार लावताना त्यांना आधी विचारू लागले. त्या कधी "लाव" म्हणत, कधी "थांब जरा".

१२. मग त्यांनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. मी रोज सकाळी हातावर गोळी देत असे, त्या तोंडात टाकत, पाणी पीत. गालात ठेवून नंतर जिरॅनियमच्या कुंडीत टाकत, हे पुढे कुंडी बदलताना कळले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की ही गोळी एकदम तोडायची नाही. ते त्यांना पक्के आठवत होते. त्यांना रडायचे होते आणि दुसरा रस्ता त्यांना माहीत नव्हता.

१३. एकदम तोडल्यावर जे होते ते आपल्या कक्षाच्या या गोळीबाबतच्या माहिती पत्रकात एका ओळीत आहे. ते आमच्या घरात कसे होते ते लिहिते. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. भिंत धरून चालणे. उलट्या. डोळे मिटले की अशी स्वप्ने की त्या झोपायलाच तयार नसत. आणि रडू आले, महोदय. आले ते धरण फुटल्यासारखे. अंडे फुटले म्हणून रडल्या. रेडिओवर बाजारभाव सांगणाऱ्या माणसाचा घसा बसलाय म्हणून रडल्या. कालिरोईची कोंबडी लंगडते म्हणून तासभर रडल्या. पण लिगोरीचे नाव काढले की थांबत आणि माझ्याकडे कोरड्या डोळ्यांनी बघत. "त्याचंच येत नाही. सगळ्या जगाचं येतं, त्याचं येत नाही."

१४. एके दिवशी पहाटे उजाडताच कालिरोई धावत आली. सासूबाई दफनभूमीत, गुडघ्यांवर, खुरप्याने लिगोरींच्या थडग्याच्या कडेची माती उकरत होत्या. कालिरोईने विचारले, "पानोरियाबाई, अहो करताय काय?" त्यांनी वर न बघता सांगितले, "त्याला उठवते. आता रडू येतंय, वाया चाललंय." आम्ही दोघींनी त्यांना घरी आणले. त्यांची नखे मातीने भरली होती, मी ती धुतली. त्या दिवशी मी टाक्याचे कुलूप तपासले. नंतर त्यांना डॉक्टरांकडे नेले.

१५. डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली. तब्येत सावरल्यावर त्यांनी सासूबाईंना समोर बसवून विचारले, "तुम्हाला काय हवंय ते मला सांगा, मी तुमच्या मागे नाही, बरोबर चालेन." सासूबाई म्हणाल्या, "लिगोरीची हाडं काढायची आहेत तीन वर्षांनी. तेव्हा मला रडता आलं पाहिजे. एकदा. मग काय वाट्टेल ते द्या." (आमच्याकडे तीन वर्षांनी थडगे उघडून हाडे धुऊन लहान पेटीत ठेवतात, आणि तेव्हा पुन्हा गातात.) डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिले. मग म्हणाल्या, "तीन वर्षं पुष्कळ झाली. हळूहळू कमी करू. मात्र मला फसवायचं नाही, आणि टाकं आठवलं की त्याच दिवशी यायचं." तसे ठरले. कणाकणाने मात्रा उतरवली. किती वेळाने किती उतरवायची, हे आपल्या पत्रकात कोठेही नाही. डॉक्टरांनी अंदाजाने आणि इतर डॉक्टरांना विचारून केले. दोनदा चढवावी लागली. दुसऱ्या वेळी सासूबाई स्वतः चालत आरोग्य केंद्रात गेल्या आणि म्हणाल्या, "आठवलं." एवढेच. डॉक्टरांनी त्याच क्षणी ओळखले.

१६. याच काळात मी डॉक्टरांना विचारले की असे किती जणांना होते. त्या म्हणाल्या, पत्रकात "क्वचित" लिहिले आहे. मग म्हणाल्या, "मेरोपी, ज्याला काही वाटेनासं झालंय तो तक्रार करायला कशाला येईल?" हे वाक्य मी आपल्या विचारासाठी जसेच्या तसे देत आहे.

१७. गेल्या शरदात लिगोरींची हाडे काढली. आमच्याकडे हे काम बायका करतात. माती बाजूला झाली, कालिरोईने एकेक हाड वर दिले, आम्ही ते लाल वाइनने धुऊन पांढऱ्या कापडावर ठेवत गेलो. सासूबाई अर्ध्याहून कमी मात्रेवर होत्या. त्या सकाळी त्यांनी काही खाल्ले नव्हते, ओठ पांढरे पडले होते, आणि मला वाटले की हेही होणार नाही. शेवटी कवटी आली. ती त्यांच्या ओंजळीत दिली. त्यांनी तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला, लहान मुलाचे तोंड पुसावे तसा, आणि आधी नुसता श्वास घेतला. मग सुरू झाल्या. मी इथे त्या ओळी लिहीत नाही, त्या कागदावर येण्यासारख्या नाहीत. आवाज फाटला होता, मधे दोनदा खोकला आला. दूध पाजण्यापासून जाळीपर्यंत सगळे आले. मुक्याने पुरल्याचेही आले, आणि त्याबद्दल त्यांनी मेलेल्याजवळ क्षमा मागितली नाही, भांडल्या: "इतकी काय घाई होती, माझं औषध तरी उतरू द्यायचंस." बाया रडत होत्या, भिंतीपलीकडे पुरुष रडत होते, कालिरोईने पाठीला हात लावून त्यांना सावरले होते. संपले तेव्हा त्या कवटी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग आम्ही हाडे पेटीत ठेवली.

१८. त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "दार लाव. गेला तो."

१९. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि पूर्ण मात्रा मागितली. डॉक्टरांनी विचारले, "नक्की? मधे कुठे थांबून बघू या का?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तीन वर्षं मी टाक्याच्या कडेने चालले. आता दमले. माझं काम झालं. मी पुन्हा कोणाच्या उशाशी बसणार नाही." डॉक्टरांनी दिली. मी विरोध केला नाही आणि आजही करत नाही. मला त्या जिवंत हव्या आहेत.

२०. सबब माझी विनंती अशी :

(अ) संदर्भातील प्रकरण "सुधारणा" या शेऱ्यातून काढून त्याची दुष्परिणाम म्हणून नोंद व्हावी. गोळी बंद करावी अशी मागणी नाही. ती बाजारातून काढली तर मी पहिली आपल्या दारात येऊन बसेन.

(आ) पत्रकात साध्या भाषेत लिहावे की या गोळीने काहींचे दुःख जाते तसे बाकीचेही जाऊ शकते. तसे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे, आणि सांगणे रुग्णाला सुचणार नाही म्हणून घरच्यांनी सांगावे.

(इ) एकदम तोडू नये हे लिहिलेच आहे. ती हळूहळू कशी उतरवावी, हेही डॉक्टरांना लेखी मिळावे. सगळ्यांनाच डॉ. व्रेत्तू भेटत नाहीत.

२१. आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी कोणतीही मागणी नाही. हाडे काढली त्या दिवशी कालिरोईच्या मुलीने सासूबाईंचा विलाप फोनवर उतरवून घेतला होता. मागच्या महिन्यात तिने तो मला पाठवला. सासूबाई आता ठीक आहेत, खातात, झोपतात, वाफ्यात कांदे लावले आहेत, कालिरोईशी भांडण नियमित चालू आहे. मी त्यांना विचारले, ऐकायचे का. "लाव की." मी टेबलावर फोन ठेवला. त्या हातातले काम बाजूला ठेवून, मान किंचित कलती करून, शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते; तिथे शांतता होती, चांगली, निरोगी शांतता. संपल्यावर त्या थोडा वेळ फोनकडे बघत राहिल्या.

"आवाज चांगला लागलाय बाईचा," त्या म्हणाल्या. मग विचारले, "कोण होती गं ती?"

मी म्हटले, आई, तुम्हीच ना.

"ते कळतं मला," त्या म्हणाल्या, आणि चुलीवरचे भांडे उतरवायला उठल्या.

माझ्या या अर्जावर योग्य वाटेल तो शेरा द्यावा. मात्र "सुधारणा" हा शब्द लिहिण्यापूर्वी सोबतचे ध्वनिमुद्रण एकदा ऐकावे, एवढीच आर्जवाची विनंती करून थांबते.

आपली नम्र,
मेरोपी पिएरोस लिराकू

स्कालोनी, दि. ११ मार्च २०२४

सोबत :
१) गोळीचे रिकामे वेष्टन
२) आपल्या कक्षाच्या उत्तराची प्रत
३) डॉ. इस्मिनी व्रेत्तू यांचे पत्र व मात्रा कमी केल्याचा तक्ता
४) ध्वनिमुद्रण (श्रीमती पानोरिया लिराकू यांची हरकत नाही; "ऐकू देत की, माझं काय जातंय," असे त्या म्हणाल्या)